माशी ती माशी

"विमल, दारं लाव! खिडक्या लाव सगळ्या!"

मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. आयुष्यभर शाळेत शिकवूनही ज्यांनी कधी पोरांवर आवाज चढवला नाही, ते आमचे हे असे ओरडले म्हटल्यावर मी रवी तशीच सोडून बाहेर आले. हे दिवाणावरची जाड सोलापुरी चादर ओढून काढत होते.

"काय झालं?"

"आग्या माशा उठल्यात. खाली आक्का एकट्या बसल्यात."

एवढंच बोलले आणि चादर खांद्यावर टाकून जिना उतरूनसुद्धा गेले. चप्पल घालायची शुद्ध नव्हती.

मग मला तो आवाज ऐकू आला. मोठं इंजिन एकाच जागी गुरगुरत राहावं तसा. खिडकीच्या काचेवर कुणीतरी मूठमूठ ज्वारी फेकून मारावी तशा माशा येऊन आदळत होत्या. मी काच लावली आणि खाली बघितलं. मांडव घालणारी माणसं शिड्या टाकून गेटच्या बाहेर पळाली होती. अर्धवट बांधलेलं कापड वाऱ्यावर फडफडत होतं. कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत रत्नाक्का नांद्रेकर बसल्या होत्या, आणि दोन्ही हातांनी तोंडासमोरचं वारं झोडपत होत्या. त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते. आधार दिल्याशिवाय त्यांना उठताही यायचं नाही.

"हात हलवू नका!" हे ओरडत धावले. चादर आक्कांच्या डोक्यावरून टाकली, चारी बाजूंनी खोचली, आणि स्वतः गुडघ्यावर बसून खुर्चीसकट त्यांना मिठी मारली. ह्यांच्या अंगात पांढरा शर्ट होता. तो माझ्या डोळ्यांदेखत काळा होत गेला. आग्या माशी चावली की त्या जागी वास सुटतो आणि बाकीच्या तिथंच येतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तरी त्यांनी हात उचलला नाही. मी काचेवर थापा मारत होते, दार उघडायला धावले तर जिन्यातून पळत आत आलेल्या शेजारच्या बाईंनी मला मागून धरून ठेवलं. कुणीतरी गेटजवळ ओला पाला पेटवला, धूर केला, तेव्हा कुठं त्या माशा हटल्या.

ह्यांना आणि आक्कांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं. आक्कांना थोडेच दंश झाले होते. ह्यांचं तोंड ओळखू येत नव्हतं.

आम्ही मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला राहत होतो, तीन मजल्यांच्या सोसायटीत, सगळ्यात वर. फ्लॅटला लागून आमची गच्ची होती. हे जीवशास्त्र शिकवायचे. सगळी सांगली त्यांना चौगुले सर म्हणून ओळखायची. निवृत्त झाल्यावर ह्यांना मधमाशांचा नाद लागला. कुणाच्या मीटरच्या खोक्यात, कुणाच्या भिंतीत सातेरीचं, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या लहान मधमाशीचं, मोहोळ लागलं की लोक आधी औषध फवारायचे. हे जाऊन सांगायला लागले, मारू नका, मला बोलवा. मग ते पोळं अलगद काढून लाकडी पेटीत बसवायचे आणि गच्चीवर आणून ठेवायचे. थोडे दिवस सांभाळून एखाद्या बागायतदाराला द्यायचे. आम्ही जैन. आमच्या घरात मधाचं बोट कधी कुणी चाटलं नाही. लोक चेष्टा करायचे, "सर, मध न खाणारा मधमाशीवाला बघितला नव्हता." हे हसायचे. म्हणायचे, "आपल्या शेवग्याला शेंगा लागतात त्या काय वॉचमन लावतो? शहरात आता ह्यांना राहायला जागाच कुठं ठेवलीय आपण?"

सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीत एक फट होती. तिच्यात मुंगीएवढ्या बारीक, नांगी नसलेल्या माशा राहायच्या. त्यांनी दाराशी मेणाची छोटी नळी केली होती. हे रोज सकाळी त्या नळीशी वाकून बघायचे, जसं काही कुणाची ख्यालीखुशाली विचारतायत. भिंतीकडेच्या तणावर औषध मारू नका म्हणून सगळ्यांच्या हातापाया पडून त्यांनी रानतुळस आणि सब्जा वाढवला होता.

त्या थंडीत दुसऱ्या मजल्याच्या वरच्या सज्जाला आग्या मोहोळ लागलं. खाली नांद्रेकरांची गॅलरी. सन्मती नांद्रेकर म्हणजे रत्नाक्कांचा मुलगा, सोसायटीचा सेक्रेटरी, फरशीचं दुकान होतं त्याचं. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि तो त्याला खालीच, मांडव घालून करायचा होता. हे त्याच्याकडे गेले. मीही सोबत होते.

"सन्मती, आग्या आपणहून कुणाच्या वाटेला जात नाहीत," हे म्हणाले. "फुलोरा संपला की निघून जातील. पण खाली लाऊडस्पीकर, धूर, लायटिंग असलं काही नको. तू मंदिराचा हॉल घे."

"सर, तुम्ही म्हणाल तसं," सन्मती म्हणाला. "आपल्यात हिंसा चालते काय?"

आक्का आत पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बिनघोर राहा वो. माझ्या गॅलरीवर हायत त्या. मी बघते."

पण हॉल मिळाला नाही म्हणून मांडव खालीच आला. आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, त्या माशा उठल्या.

दवाखान्यात पहिले दोन दिवस कसे गेले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सन्मती आला होता. ह्यांच्या उशाशी उभा राहून त्यानं हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "सर, तुम्ही माझ्या आईला वाचवलंत. हे मी जन्मात विसरणार नाही."

ह्यांचा एकच डोळा उघडत होता. त्या डोळ्यानं त्यांनी सन्मतीकडे बराच वेळ बघितलं. मग तोही मिटून घेतला.

कपडे न्यायला मी घरी आले, तर जिन्यातच रॉकेलचा वास आला. गच्चीचं कुलूप तोडलेलं होतं. पेट्या नव्हत्या. कठड्यावरून खाली वाकून बघितलं, तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये काळा ढीग. मी खाली गेले. पेट्यांच्या झाकणांचे पत्रे तेवढे शाबूत होते. मेण वितळून मातीत मुरलं होतं, आणि त्यात सातेरीच्या माशा तळून सांडल्यासारख्या पडल्या होत्या. कंपाउंडची रानतुळस मुळासकट उपटून टाकली होती. भिंतीतली ती फट सिमेंटनं लिंपलेली होती, चांगली गुळगुळीत. बाहेर राहिलेल्या बारीक माशा सिमेंटच्या त्या ठिगळासमोर हवेत तरंगत होत्या. बसायच्या, उठायच्या, परत बसायच्या.

सन्मती मागून येऊन म्हणाला, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. लोक भडकले होते. मी कुणाकुणाला थांबवणार?"

"अरे, पण चावल्या त्या आग्या. ह्या सातेरी होत्या. ह्या त्यात नव्हत्याच."

"आता लोकांना काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "माशी ती माशी, काकू."

"आणि आग्या उठल्या कशानं?"

"सरांच्या पेट्यांमुळंच की. माशीला माशी बोलावते, असं सगळे म्हणतायत."

मी वर बघितलं. सज्जाखालचं मोहोळ नव्हतं. तिथं एक ओला, पिवळट डाग तेवढा होता.

हे घरी आले त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग लागली. पार्किंगमध्ये, मांडवाच्याच खुर्च्या मांडून. साखरपुडा पुढं ढकलला गेला होता, व्याही नाराज होते. सन्मती उभा राहून फार समजूतदारपणे बोलला. सर आम्हाला वडिलांसारखे आहेत. त्यांनी आईला वाचवलं, त्यांचे उपकार आहेत. पण उद्या एखाद्या लहान पोराच्या जिवावर बेतलं तर? कुणी पोलिसांत जावं असं आम्हाला वाटत नाही. सरांनी सगळ्यांसमोर एवढंच सांगावं की चूक झाली, परत असलं काही आणणार नाही.

मी पिशवी घेऊन गेले होते. दवाखान्यातल्या सिस्टरनं ह्यांचा शर्ट त्यात घालून दिला होता. जळक्या ढिगातली एक माशीही मी पुडीत बांधून आणली होती. मी तो टेबलावर पसरला. कॉलरमध्ये, खिशात आग्या माशा मेलेल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या.

"ही बघा," मी म्हणाले. "आणि जाळलेल्यातली ही सातेरी बघा. आग्याच्या निम्मीच आहे. आणि शर्ट हुंगून बघा, औषधाचा वास येतो का नाही ते. कुणीतरी मोहोळावर औषध मारलं म्हणून त्या उठल्या."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, "धुराचा वास असेल." कुणीतरी म्हणालं, "काकू, ते उचला आधी. लहान मुलं आहेत इथं." कुणीही वाकून बघितलं नाही.

तेव्हा हे उठले. तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. म्हणाले, "आक्कांना विचारा. त्या खाली बसल्या होत्या. माशा उठायच्या आधी काय झालं ते त्यांनी बघितलंय."

सगळे आक्कांकडे वळले. सुनेनं त्यांना खुर्चीत आणून बसवलं होतं. हातावर दंशांचे डाग होते. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग सन्मतीकडे. सन्मती हसून म्हणाला, "सांग की आई. भिऊ नकोस."

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मला काय दिसतंय आता डोळ्यांनी," त्या म्हणाल्या. "वरनं आल्या. सरांच्या गच्चीतनं आल्या."

पार्किंगमध्ये एकदम कुजबुज झाली. माझं डोकं फिरलं. "आक्का!" मी ओरडले. "ज्यानं तुमच्यासाठी मरण अंगावर घेतलं त्याच्या तोंडावर खोटं बोलता?"

ह्यांनी माझं कोपर धरलं. घट्ट. ह्यांना काहीतरी बोलायचं आहे असं मला वाटलं, ओठ हललेसुद्धा. पण ते आक्कांकडेच बघत होते. मग म्हणाले, "माझं चुकलं. परत पेटी आणणार नाही."

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. सन्मतीनं येऊन ह्यांच्या पायाला हात लावला.

जिन्यात मी म्हणाले, "तुम्ही तोंड का उघडलं नाही? हे औषध सन्मतीनंच मारून घेतलंय, आंधळ्यालाही कळेल."

"म्हातारी घाबरली गं," हे म्हणाले. "सोड."

मी सोडलं नाही. आम्ही ती जागा विकून मिरजेला लेकीच्या जवळ आलो, तरी सोडलं नाही. जेवताना, झोपताना, पाहुणे गेल्यावर, केव्हाही ते माझ्या तोंडून निघायचं. चोर म्हणून मान खाली घालून आलात. मेंगळट म्हणाले मी त्यांना, एकदा जावयासमोर. हे ऐकून घ्यायचे आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचे. पुस्तकं त्यांनी शाळेला देऊन टाकली. कुणी मोहोळ काढायला बोलवायला आलं तर आतून निरोप द्यायचे, सर झोपलेत. मिरजेच्या गॅलरीत कुंडीत कढीपत्ता होता. त्याला कळ्या आल्या की हे एकेक कळी खुडून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. फुलंच नकोत. फुलं आली तर माशा येतील.

सात-आठ वर्षं असं जगून हे गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही. अंत्ययात्रेला सांगलीहून बरीच माणसं आली. सन्मती आला, त्यानं खांदा दिला. तिरडीपुढं कुणी भांडत नाही.

पुढच्या भाद्रपदात, दशलक्षण पर्व संपल्यावर, क्षमावणीच्या दिवशी मला आक्कांचा फोन आला. त्या दिवशी आमच्यात वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची एकमेकांकडे क्षमा मागतात. आक्का म्हणाल्या, "विमल, मला उठता येत न्हाई गं. तू ये. एकदाच ये."

मी जाणार नव्हते. लेक म्हणाली, "आई, ती म्हातारी किती दिवसांची सोबती?" म्हणून गेले. सोसायटीच्या आवारात सगळीकडे फरशी घातली होती, सन्मतीच्याच दुकानातली असणार. कडुलिंब तोडला होता. भिंतीकडेनं हिरव्या प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं आणि ते झाडून स्वच्छ ठेवलं होतं.

आक्का पलंगाला खिळल्या होत्या. सून देवळात गेली होती, सन्मती खाली दुकानातल्या माणसाशी बोलत होता. त्यांनी मला जवळ बसवलं आणि गॅलरीच्या दाराकडे बोट केलं.

"तिथं उभा होता औषधाचा पंपवाला," त्या म्हणाल्या. "सन्मतीनं सकाळी बोलावून आणला. मी आडवी आले. म्हटलं, अरे, आपण मध खात न्हाई, आणि तू पोळ्याच्या पोळ्यावर विष मारतोस? आणि शुभकार्याच्या आदल्या दिवशी? तर म्हणाला, आई, तू मध्ये पडू नकोस. त्यानंच मला धरून खाली नेलं. कडुलिंबाखाली खुर्ची ठेवली. म्हणाला, इथं बस गार वाऱ्याला."

त्यानंच नेऊन बसवलं होतं. ज्या जागेवर माशा उतरणार होत्या, नेमकं तिथंच.

"मला हे माहीत होतं, आक्का," मी म्हणाले. "तो पंपवाल्याचा भाग मला माहीत होता. तुम्ही सांगितलं नसतं तरी. पण तेव्हा सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर."

"सरांना सांगितलं होतं की मी."

"केव्हा?"

"चादरीत." आक्कांचे डोळे वाहायला लागले. "ते मला धरून बसलेले. वरनं नुसता घूं घूं आवाज. मी म्हटलं, सर, सन्मतीनं औषध मारलंय वो. तर ते म्हणाले, बोलू नका आक्का, तोंडात जातील."

आक्कांनी माझं मनगट धरलं.

"मीटिंगला मला विचारा म्हणाले, तेव्हा मला वाटलं आता हे सांगतील. मी खोटं बोलले, तरी वाटलं की सांगतील. आक्कांनी मला स्वतः सांगितलंय म्हणतील. एक शब्द बोलले न्हाईत गं. माझ्याकडं बघून चूक कबूल केली." त्यांनी डोळे पुसले. "मला ह्याच घरात जेवायचं होतं, विमल. माझं म्हातारपण ह्याच घरात जायचं होतं. त्यांना ते कळलं."

त्यांना ते कळलं. आणि मला ते त्यांनी कळू दिलं नाही. मेंगळट म्हटल्यावर टीव्हीचा आवाज वाढवणारा माणूस मला समोर दिसत होता. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर उभी राहून ओरडले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा आक्कांचा जीव वाचवला आणि मग त्यांचं घर वाचवण्यासाठी स्वतःचं नाव दिलं, माशा दिल्या, आणि माझ्याबरोबरची उरलेली सगळी वर्षं देऊन टाकली. मला न विचारता.

आक्कांनी हात जोडले. "उत्तम क्षमा कर गं."

मी काही म्हणायच्या आत सन्मती आला. हातात चहाचा ट्रे. केस सगळे पिकले होते. ट्रे ठेवून त्यानं वाकून हात जोडले.

"काकू, उत्तम क्षमा. सरांची फार आठवण येते बघा. असा माणूस होणे नाही."

आक्का माझ्याकडे बघत होत्या. मीटिंगमध्ये सन्मतीकडे बघितलं होतं, तशाच नजरेनं.

"क्षमा कशाची, सन्मती?" मी विचारलं.

तो थोडा गडबडला, मग हसला. "कशाची म्हणजे? काकू, पद्धत असते. आजच्या दिवशी सगळ्यांनाच म्हणायचं. कशाची, ते कोण विचारत बसतंय?"

आणि त्यानं कप माझ्या हातात दिला. "घ्या, गरम आहे तोवर."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. आक्कांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या हातावरचे ते जुने डाग आता सुरकुत्यांत मिसळून गेले होते. मी कप तसाच खाली ठेवला, उठले आणि जिना उतरायला लागले. त्या म्हातारीला अजून त्याच घरात जेवायचं होतं.